पितळी बुश

मेहकर
१२ जानेवारी २०२५

तीर्थरूप उत्तमराव यांना भागवतचा नमस्कार.

तुम्ही पुण्याला मुलाकडे पोचून आठ दिवस झाले. मी चार वेळा फोन लावला. चारही वेळा जयमालाताईंनी उचलला आणि म्हणाल्या, "ते म्हणतात, पत्र लिहा." मी विचारलं, "ताई, ते आहेत कुठं?" म्हणाल्या, "हे काय, इथंच बसलेत." म्हणजे हाताच्या अंतरावर बसलेला माणूस सख्ख्या साडूशी तोंडाने बोलत नाही, पोस्टाने बोलतो. मोजणी खात्यात बत्तीस वर्षं काढली की तोंडी काही खरंच वाटत नसावं. ठीक आहे. मलाही लिहिता येतं. शाळा सातवीपर्यंत, पुढचं मोटारींच्या नेमप्लेटी वाचून शिकलो.

तुमच्या घराची किल्ली मिळाली. बैठकीतली चार फुटी काचेची पेटी जागेवर आहे. पेटीवर चिकटवलेला तुमचा अकरा कलमी कागद वाचला. सातबारा याहून सोपा असतो. पाण्याचं मीठ मोजा, पाण्याचा चुना मोजा, पाण्याचा ताप सकाळ-संध्याकाळ बघा. उत्तमराव, मी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या विहिरीतून पाणी वर काढायचा धंदा केला. पाण्याची इतकी विचारपूस कोणी केलेली पाहिली नाही. समुद्र आपल्यापासून एक अख्खी रात्र बसमध्ये अंग मोडून घेतल्यावर लागतो. शहाणा माणूस एकदा जाऊन पाय बुडवून येतो. तुम्ही तो बैठकीत आणून ठेवला आणि आता त्याची नाडी बघायला मला ठेवलं.

आणि हे तुमचे प्रवाळ. दगड की जनावर, ते एकदा ठरवा. खाली हाड, वर मांस, मधोमध तोंड. दिवसा फुगतं, रात्री आक्रसतं, जागचं हलत नाही आणि वेळेवर खायला मागतं. आपल्या सासुरवाडीत असे दोन-तीन आहेत, पण त्यांच्यावर कोणी निळा दिवा लावत नाही.

काल शेजारच्या गोजरबाई आल्या आणि पेटीसमोर अर्धा तास बसल्या. म्हणाल्या, "भागवतभाऊ, हे फुलं हालून राह्यले. वारा तं नाई अंदर."

"वारा नाही, मोटर आहे."

"अन् याले खाऊ काय घालता?"

"कोळंबी. बर्फातली. चिमट्यानं."

"मंग फुलं काऊन म्हनता, पाव्हनेच म्हना." जाताना हळूच म्हणाल्या, "पोवळंच हाय नं हे? नातवाले मंगळ हाय. एक तुकडा तोडून द्या, आंगठीत बसवतो सोनाराकून." मी म्हटलं, "गोजरबाई, हा तुकडा बोटातच फुगल."

शेवटचं कलम तुम्ही दोनदा अधोरेखित केलं आहे. 'डाव्या कोपऱ्यातला हिरवा हॅमर मी परत येईपर्यंत जगला पाहिजे.' तोच ना, हातोडीच्या टोकांची बोटं हलवणारा? मी तोंडं मोजली, नऊ आहेत. नऊच्या नऊ परत देईन. हसू मला किती का येईना, शब्द दिला आहे.

आता माझं काम. आमच्या पायलचं लग्न चार मेला, इथंच मेहकरात. मंगलाष्टकं तुम्हीच म्हणायची, हे सांगायचीही गरज नाही. तुमची बाकी एक गोष्ट मला पटत नाही, पण तुमच्या आवाजात मी आजवर खोट शोधतो आहे आणि सापडली नाही. उंद्री गावातल्या लग्नात लाईट गेली, माईक मेला आणि तुमचं 'सावधान' मांडवाबाहेरच्या वाजंत्र्यांना ऐकू गेलं होतं. तेवढं एक करा, पेटीचे सगळे अपमान माफ.

आपला,
भागवत


पुणे
२० जानेवारी २०२५

श्री. भागवतराव यांना सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. चुकांवर लाल शाईने खुणा करून परत पाठवणार होतो. मग वाटलं, शाई वाया जाईल.

फोनचं असं आहे. मुलाचं ऑफिस घरातूनच चालतं, दिवसभर त्याच्या बैठका, त्यामुळे घरात बोलायची सोय नाही. शिवाय तुम्ही फोनवर 'हो' म्हणता तेव्हा तुमचं लक्ष दुकानातल्या मोटरीकडे असतं, हे मला तेवीस वर्षं माहीत आहे. तुमचा फोन बटणांचा, त्यावर एवढं लांब लिहिलेलं धाडता येत नाही. म्हणून पत्र.

दगड की जनावर, हे पहिल्या कलमातच लिहिलं आहे. तुम्ही ते वाचलं नाही, ऐकायची वाट पाहिली. हे जनावर आहे. स्वतःच्या अंगाखाली चुन्याचं हाड रचतं आणि त्यावर बसून राहतं. वरचं मांस ओल्या कागदाएवढं नाजूक. याला फार चांगलं माप लागत नाही, न बदलणारं माप लागतं. मीठ, चुना, ऊब, उजेड, सगळं आज जे काल ते. तुमच्यासारखी माणसं एक दिवस फार प्रेम करतात आणि मग आठ दिवस फिरकत नाहीत. ती म्हशी पाळू शकतात.

जी कलमं तुम्ही नक्की मोडाल, तेवढी पुन्हा लिहितो. पेटीतलं पाणी आटलं तर वरून साधं शुद्ध पाणी घाला, मिठाचं नव्हे. आटतं ते पाणी, मीठ आतच राहतं. खाणं आठवड्यातून दोनदाच, संध्याकाळी, मोटर बंद करून, प्रत्येक तोंडाला हरभऱ्याएवढं. दोन जातींमध्ये वीतभर जागा ठेवा. रात्री यांची लांब नांगी बाहेर येते आणि शेजाऱ्याला जाळते.

आणि कलम सात. खालच्या टाकीतून वर पाणी चढवणारी मोटर बिघडली तर दुरुस्त करू नका. नवी मोटर कपाटात खोक्यात आहे, ती लावा. दुरुस्त करू नका, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहिलं आहे.

या जीवांच्या सरकारी नोंदणीचे कागद निळ्या फाईलमध्ये आहेत. जंगल खात्याच्या कोणी विचारलं तर तोंड न चालवता फाईल दाखवा.

हिरवा हॅमर मी बोटाच्या पेराएवढ्या एका तुकड्यापासून वाढवला. सात वर्षं लागली. परत आल्यावर दिवा लागण्याच्या वेळी समोर बसून तो उघडताना बघायचा आहे. दुसरी काही इच्छा सध्या नाही.

मंगलाष्टकं मी आता म्हणत नाही. दुसरा कोणी बघा. मेहकरात आवाजांना तोटा नाही, सुराला असेल.

उत्तमराव


मेहकर
२ मार्च २०२५

तीर्थरूप उत्तमराव यांना नमस्कार.

मधले दीड महिने पत्र लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं ते टपाल खात्याने नेलं नसतं.

"मी आता म्हणत नाही." एवढंच. कारण नाही, खेद नाही. जसं काही मी पायलच्या लग्नात तुम्हाला भांडी घासायला बोलावलं होतं. दुकानात रोज एक जण विचारतो, "उत्तमराव येऊन राह्यले नं लग्नात? मंगलाष्टकं त्याहीचेच पाह्यजेत, बे." मी म्हणतो, हाव, येतील. मग घरी जाऊन जेवत नाही. पायल विचारते, "बाबा, मोठे मावसाजी रागावले का?" मी म्हणालो, "रागवायला माणूस आपला समजावा लागतो. पुण्याला गेल्यावर लोक पोवळ्यासारखे होतात, दिव्याशिवाय उघडत नाहीत." पुष्पांजलीने मला गप्प बसवलं. तिची बहीण आहे ना तिकडे.

असो. तुमच्या पेटीशी माझं भांडण नाही.

पेटी बिघडवायला लोक इथं टपलेलेच आहेत. लोणारचे प्रेमानंद पंप घेऊन आले होते. पेटीची गोष्ट ऐकून पुढच्या खेपेला कॅनभर लोणारचं पाणी घेऊन आले. "विकतचं मीठ काऊन घोळता? आपलं सरोवर खारं, अन् फुकट." मी त्यात दोन बोटं बुडवली. साबण लावल्यासारखी घसरली. म्हटलं, "प्रेमानंदभाऊ, हे खारं नाही, हे कपडे धुवायचं आहे. आणि तिथून पाणी उचलायला बंदी आहे, घेऊन जा." अडाणी असेन, पण पाण्याशी बोललेला माणूस आहे.

मीठ पस्तीसवर आहे. ताप पंचवीस. चुन्याचा थेंब-थेंब रंग बघायचा खेळ मला आता डोळे मिटून येतो. खाणं मंगळवार-शनिवार. हिरव्याची नऊ तोंडं. रात्रीची नांगी मी पाहिली. तो मधला, मेंदूसारख्या वळ्या असलेला लाल मेंदूवाला वीतभर सोडून बसवला, नाहीतर हॅमरने त्याला भाजून काढलं असतं. शेजारधर्म तुमच्यासारखाच.

आता ऐका, म्हणजे वाचा. बुधवारी किल्ली कुलुपात फिरवतानाच मला दाराबाहेरून कळलं, मोटर रडते आहे. बारीक, मच्छरासारखी. तुमचं कलम सात म्हणतं, नवी लावा. उत्तमराव, चाळीस वर्षं मी मोटरी बांधल्या. पाच तालुक्यांतून जळक्या मोटरी माझ्या दारात येतात आणि तुमच्या बैठकीतली तळहाताएवढी मोटर मी फेकून देऊ? उघडली. आतला दांडा चिनी मातीच्या बुशमध्ये फिरतो, ती झिजली होती. मी हसलो. मोटरीत चिनी माती घालणारा उद्या कपबशांनी विहीर बांधेल. दुकानात जाऊन लेथवर पितळेची बुश काढली, बोअरच्या मोटरीला घालतो तशी, सुताइतकी बरोबर. वीस मिनिटांत बसवली. आता आवाज नाही. चालू आहे हे कळायला हात लावावा लागतो. तुमच्या मोटरच्या कंपनीला दाखवा, म्हणावं मेहकरचं काम.

तुमची नवी मोटर खोक्यातच आहे. परत आल्यावर कलम सात खोडून टाका.

आपला (अजून तरी) साडू,
भागवत


पुणे
७ मार्च २०२५

भागवतराव,

सकाळी पत्र आलं. फोनवर जयमालाने सांगितलंच आहे. तुम्ही तिच्यावर विश्वास ठेवला असेल असं धरून चालतो, तरी लेखी देतो.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात पितळ रोज थोडं विरघळतं. तांब्याचा एक कण माणसाला काही करत नाही, या जीवांना मारतो. पेटीतल्या गोगलगायी आधी जातात. मग प्रवाळ अंग आत ओढून घेतात, मग हाडावरून मांस सुटतं. तुम्ही ती मोटर बुधवारी लावली. आज शुक्रवार, दहावा दिवस.

नवी मोटर लावली असेलच. आता रोज पाव पेटी पाणी बदला, आठ दिवस. मिठाचं पाणी आदल्या दिवशी घोळून, ताप जुळवून मगच घाला. कपाटात कोळशाच्या दाण्यांची बरणी आहे. तो कोळसा धुऊन पिशवीत भरा, खालच्या टाकीत ठेवा, दर तीन दिवसांनी बदला. ज्या तोंडावर तपकिरी शेंबूड दिसेल ते हाडासकट कापून बाहेर काढा. दया दाखवू नका, शेजारची तोंडं जातील.

तुमचे कान जिल्ह्यात नावाजलेले आहेत. मोटर बिघडली ते दाराबाहेरून ऐकलंत. दोनदा लिहिलेलं एक वाक्य मात्र डोळ्यांतून आत गेलं नाही. आयुष्यभर लोक तुमच्या हाताचं कौतुक करत आले, त्याचं हे फळ. ज्याचं कौतुक होतं तो हात खिशात बसत नाही.

हिरव्याचं काय झालं ते खरं लिहा.

उत्तमराव


मेहकर
१६ मार्च २०२५

तीर्थरूप उत्तमराव यांना नमस्कार.

खरं लिहितो.

गोगलगायी एकूण एक गेल्या. लाल मेंदूवाला गेला. शेवटी नुसतं पांढरं हाड उरलं, लहान मुलाच्या मुठीएवढं. ते धुऊन तुमच्या टेबलावर ठेवलं आहे, फेकवलं नाही. हिरव्याची नऊ तोंडं होती. दोन आधीच सुटली होती, दोन तुम्ही सांगितल्याप्रमाणे कापली, दोन परवा गेली. तीन राहिली आहेत. तीही उघडत नाहीत, मुठी वळून बसली आहेत.

बुश काढून दुकानात गल्ल्याशेजारी खिळ्याला टांगली. गिऱ्हाईक विचारतं, हे काय. मी सांगतो, भागवतच्या शहाणपणाचं माप.

पाणी रोज बदलतो आहे. आठ दिवस तुम्ही लिहिले, मी थांबणार नाही. रात्री घोळतो, सकाळी घालतो. पुष्पांजली म्हणते, "घरच्या टाकीत पाणी भरायला मी चार वेळा सांगते, अन् पोवळ्याले मात्र हंडे वाहून राह्यले." कोळसा बदलला. कपाटातला संपेल म्हणून अकोल्याहून मागवला आहे. लेबल दोनदा वाचलं. पायलकडूनही वाचून घेतलं.

तुम्ही मला बोललात ते बरोबर बोललात. पण बोलताना तुमचं अक्षर सुंदर आलं आहे, त्याचा मला जास्त राग आला. माणूस चिडला की अक्षर बिघडावं. मोजणी खात्यातला माणूस चिडतोही पट्टी लावून.

आणि एक. मी आता फोन लावणार नाही. पत्रच बरं. मुलाच्या बैठका असतात म्हणता, ते पटलं. सात तारखेला फोनवर ऐकलं तेवढं पुरे.

ताईंना म्हणावं, स्वतःकडेही बघत जा.

भागवत


पुणे
४ एप्रिल २०२५

श्री. भागवतराव यांना नमस्कार.

तीन तोंडं हा आकडा मी रोज वाचतो. नऊतले तीन म्हणजे काहीच नाही, असं मोजणी खात्यात म्हणत नाहीत. हद्दीचा दगड एकच उरला तरी त्यावरून शेत पुन्हा उभं करता येतं. ती तीन उघडली तर कळवा. उघडली नाहीत तरी कळवा.

उन्हाळा सुरू झाला. मेहकरचा एप्रिल तुम्हाला सांगायला नको. पाण्याचा ताप सत्तावीसच्या वर गेला तर पाण्यावर पंख्याचा झोत सोडा. लोखंड, पितळ, तांबं यांपैकी काहीही पेटीजवळ नेऊ नका. हे वाक्य एखाद्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या आणि ऐका.

लग्नाला येणं कठीण दिसतं. ऊन फार, प्रवास लांब, डॉक्टरांनी माझ्या रक्तदाबाबद्दल काहीबाही सांगून ठेवलं आहे. पायलला आशीर्वाद. जयमाला येईल, दोन दिवस राहील.

एक विचारतो. आधी मंगलाष्टकांवरून तुम्ही मला फाडून खाल्लं. सोळा मार्चच्या पत्रात त्याचा एक शब्द नाही. राग गेला, की दुसरा गळा सापडला?

उत्तमराव


मेहकर
१८ एप्रिल २०२५

तीर्थरूप उत्तमराव यांना नमस्कार.

आधी पेटी. बाहेर बेचाळीस आहे. तुमचा छतावरचा पंखा म्हणजे म्हाताऱ्याची फुंकर. मी कुलरचा पंखा खोलून लाकडी चौकटीवर बसवला, पाण्यापासून दोन हात लांब. पाणी सव्वीसवर आहे. तुमच्या बैठकीत शिरताना मी आता चपला काढतो तसे खिशातले नट, वायसर, चाव्या सगळं बाहेर पायरीवर ठेवतो. परवा गोजरबाईंनी विचारलं, "देऊळ झालं का इथं?" मी म्हणालो, "हाव, पण देव भलताच नाजूक हाय."

मंगळवारी पाच वाजता निळा दिवा लागला. मी समोर होतो. हिरव्याचं मधलं तोंड हललं. मग एक बोट बाहेर, मग दुसरं. पाऊण तासाने तिन्ही तोंडं उघडली होती, हातोड्या हलत होत्या. मी कोळंबी दिली, हरभऱ्याएवढी. घेतली. मधल्या तोंडाला बाजूने एक खाच पडली आहे. तुमच्या पुस्तकात पाहिलं, एकाची दोन तोंडं होताना असंच दिसतं म्हणे. साडेतीन म्हणा सध्या.

आता तुमचा प्रश्न. दुसरा गळा सापडलेला नाही. शोधलेलाही नाही.

सात मार्चला ताईंनी फोन केला. त्या घाईघाईने बोलत होत्या, मध्येच थांबत होत्या. त्या थांबल्या की पांढऱ्या फळ्यावर मार्कर घासल्याचा आवाज येत होता. मार्कर थांबला की ताई बोलत. पाच-सहा वेळा असं झालं. मला वाटलं, मुलाच्या बैठकीमुळे तुम्ही लिहून सांगता आहात. मग मागे एक मोटर सुरू झाली. फ्रीज नाही, मिक्सर नाही, पाण्याची तर नाहीच. दम लागल्यासारखी, आत ओढणारी. उत्तमराव, ती सक्शनची मोटर होती, घशातला कफ ओढून काढते ती. इथल्या दवाखान्यातली मी दोनदा बांधून दिली आहे. ती थांबल्यावर तुम्ही खोकलात. त्या खोकल्यात आवाज नव्हता. नुसती हवा होती.

फोन ठेवला. नवी मोटर लावली. मग तुमच्या बैठकीत तुमच्याच खुर्चीवर बसलो आणि जानेवारीपासून तुम्हाला काय काय लिहिलं ते आठवत राहिलो.

कोणाला विचारलं नाही. पुष्पांजलीला सांगितलं नाही. ताईंनी तिला सांगितलं असेल तर तिनेही मला कळू दिलं नाही. बहिणी बहिणी आहेत. तुम्ही लपवलं, ते तुमचं. घरी आलेल्या माणसाने कीव करावी हे तुम्हाला चालणार नाही, एवढं मी ओळखतो. म्हणून सोळा मार्चच्या पत्रात शिव्या चालू ठेवल्या. एकाएकी गोड झालो असतो तर तुम्ही पहिल्या ओळीत पकडलं असतं. शिव्या द्यायला जड गेलं नाही, सवय आहे. मंगलाष्टकांचं मात्र लिहवलं नाही. तिथंच सापडलो.

एक गोष्ट मला झोपू देत नाही, ती लिहून टाकतो. दिवाळीला तुम्ही आमच्याकडे फराळाला होतात. तुमचा आवाज बेअरिंग घासल्यासारखा येत होता. मला ऐकू आलं होतं. मी म्हणालो, "थंड पाणी कमी प्या, अन् तो तंबाखूचा खर्रा सोडा." आणि चिवड्याची ताटली पुढे सरकवली. तोच आवाज मोटरीचा असता तर मी तिथल्या तिथे उघडून पाहिलं असतं.

आता लग्न. मंगलाष्टकं भटजी म्हणतील, वाईट म्हणतील, लोक अक्षता लवकर टाकतील. चालेल. पण अंतरपाट धरायला दोन माणसं लागतात. त्याला गळा लागत नाही, हात लागतात आणि पातळी लागते. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या शेतात पातळी बघितलीत. माझ्या मांडवात एक दिवस बघा. एक टोक तुमचं. दुसरं टोक कोणाला द्यायचं ते तुम्हीच ठरवा, तुम्हाला कोणाचं धरलेलं पसंत पडत नाही.

गळ्याला पांढरा रुमाल बांधून या. लोक विचारतील. मी सांगेन, पुण्याची फॅशन आहे. तुमच्याबद्दल ते लगेच पटेल.

रक्तदाबाचं कारण फार कच्चं होतं. तुम्हाला खोटं बोलता येत नाही. लिहिताही येत नाही.

वाट पाहतो.

भागवत


पुणे
२६ एप्रिल २०२५

भागवतराव,

मार्करचा आवाज फोनवर जातो, हे माहीत नव्हतं. आता दगडी पाटी आणि पेन्सिल घेणार आहे. तिचा आवाज तुमच्या कानांना जास्त लागेल.

शस्त्रक्रिया जानेवारीच्या नऊ तारखेला झाली. आवाजाची पेटी काढली. बाकी सगळं जागेवर आहे, तुमच्याबद्दलच्या मतासकट. बारा जानेवारीचं तुमचं पत्र मी दवाखान्यातल्या खाटेवर वाचलं. सासुरवाडीच्या ओळीवर हसलो. टाके दुखले. हसण्याला आवाज नसतो, हे तेव्हा कळलं. नर्स घाबरली होती.

साडेतीन तोंडं, हे माप मोजणीत बसत नाही. येऊन मोजतो.

एक मेला निघतो. पायलला सांगा, मोठे मावसाजी अंतरपाट धरतील. दुसरं टोक आपल्या मोठ्या मेव्हण्याला द्या. तो जागचा हलत नाही, या एका कामाला चांगला आहे.

सक्शनची मोटर आठ दिवसांपासून घासते आहे. तुम्ही फोनवर ऐकलीत तेव्हा बरी होती. जयमाला म्हणते, नवी घेऊ. मी फळ्यावर लिहिलं, नको. बरोबर आणतो आहे. आल्या आल्या उघडा.

हिच्यात पितळ चालतं.

उत्तमराव